दूरचे आणि मंद गोलाकार तारकागुच्छ दुर्बिणीतून कसे पाहावेत

शौरी तारकासमूहातला एम13 किंवा धनू राशीतला एम22 एकदा दुर्बिणीतून नीट पाहिला, की गोलाकार तारकागुच्छांची, म्हणजे हजारो-लाखो ताऱ्यांच्या गोल समूहांची, गोडी लागते. मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीत (नावातलं ‘एम’ तिचंच) असे 29 तारकागुच्छ आहेत आणि ते बहुतेक सगळे लहान दुर्बिणीतूनही सापडतात. पण आपल्या आकाशगंगेभोवती दीडशेहून अधिक गोलाकार तारकागुच्छ माहीत आहेत. त्यांतले कितीतरी असे आहेत, की पहिल्या प्रयत्नात तिथे काहीच दिसत नाही. नकाशा बरोबर असतो, दुर्बीण बरोबर दिशेला रोखलेली असते, तरी समोर नुसतं काळं आकाश. पुष्कळ नवे निरीक्षक इथेच कंटाळतात आणि मोठ्या दुर्बिणीची स्वप्नं पाहू लागतात. माझं ठाम मत आहे, की सहा ते दहा इंची (म्हणजे तेवढ्या व्यासाचा आरसा किंवा भिंग असलेल्या) दुर्बिणीत यांतले बरेच तारकागुच्छ दिसतात. त्यासाठी निघण्याआधी एक गोष्ट माहीत हवी: समोरचा तारकागुच्छ नेमका कशामुळे मंद आहे?

मंद असण्याची तीन कारणं

पहिलं कारण अंतर. एनजीसी 2419 किंवा एनजीसी 7006 (एनजीसी ही आणखी एक, मोठी यादी) हे मुळात भरगच्च आणि तेजस्वी तारकागुच्छ आहेत, पण इतके लांब आहेत, की आपल्यापर्यंत लहानसा धूसर ठिपका पोहोचतो. दुसरं कारण विरळपणा. एनजीसी 5053 किंवा एनजीसी 5466 फार दूर नाहीत, पण त्यांच्यात तारे कमी आणि पसरलेले आहेत. तिसरं कारण धूळ. आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या धुळीमागे दडलेले तारकागुच्छ जवळ असूनही मंद दिसतात. पॅलोमार 7, ज्याला आयसी 1276 असंही म्हणतात, अंतराने एम13पेक्षा जवळ आहे, पण धुळीने त्याचा बराचसा प्रकाश खाऊन टाकला आहे.

या तिघांसाठी पाहण्याची पद्धत वेगळी असते. दूरच्या भरगच्च तारकागुच्छाला जास्त वर्धन लागतं, म्हणजे प्रतिमा जास्त पट मोठी करावी लागते. विरळ तारकागुच्छाला बेताचं वर्धन, मोठं दृश्यक्षेत्र आणि खरोखर काळं आकाश लागतं. धुळीआडच्या तारकागुच्छापुढे युक्त्या फार चालत नाहीत, तिथे आरसा मोठा असेल तेवढं बरं. म्हणून नवख्याने ते शेवटी ठेवावेत.

तारकागुच्छ भरगच्च आहे की विरळ, हे कसं कळायचं? त्यासाठी हार्लो शॅप्ली आणि हेलन सॉयर या खगोलशास्त्रज्ञांनी 1927 मध्ये केलेलं वर्गीकरण अजून उपयोगी पडतं. त्यात 1 ते 12 असे बारा वर्ग आहेत आणि ते रोमन आकड्यांत लिहितात. पहिल्या वर्गातले तारकागुच्छ केंद्राशी अतिशय दाट असतात, बाराव्या वर्गातले जवळजवळ विस्कटलेले. बहुतेक नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये हा वर्ग दिलेला असतो. निरीक्षणाआधी तो जरूर पाहा.

यादीतली प्रत फसवते

एनजीसी 6229 आणि एनजीसी 5053 यांची दृश्यप्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू मंद) जवळजवळ सारखी, म्हणजे साडेनऊच्या आसपास आहे. यादी वाचून कुणालाही वाटेल, की एक दिसला तर दुसराही दिसेल. पण पहिला सहा इंची दुर्बिणीत सहज सापडतो आणि दुसरा त्याच दुर्बिणीत, त्याच रात्री, दहा-पंधरा मिनिटं शोधूनही हाती लागत नाही.

कारण असं, की यादीतली प्रत म्हणजे तारकागुच्छाचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर तो तारा किती तेजस्वी दिसेल याचा आकडा. एनजीसी 6229चा प्रकाश तीन-चार आर्कमिनिटांत मावतो, एनजीसी 5053चा दहा आर्कमिनिटांवर पसरतो. (पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे 30 आर्कमिनिटं.) पसरलेला प्रकाश आकाशाच्या स्वतःच्या उजेडात विरून जातो. म्हणून प्रतीच्या शेजारी आकार नेहमी वाचावा. प्रत मंद आणि आकार लहान असेल तर आशा ठेवा. प्रत बरी आणि आकार मोठा असेल तर सावध राहा.

तारे सुटे दिसतील का?

नवख्यांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते, म्हणून आधीच हिशेब करून टाकू.

एम13 सुमारे 25 हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्यातले सर्वांत तेजस्वी तारे साधारण बाराव्या प्रतीचे आहेत. आठ इंची दुर्बीण काळ्या आकाशाखाली चौदाव्या प्रतीच्या आसपास पोहोचते, त्यामुळे एम13 मधले पुष्कळ तारे सुटे होतात. आता तसेच तारे एनजीसी 2419 मध्ये ठेवा. त्याचं अंतर पावणेतीन ते तीन लाख प्रकाशवर्षं, म्हणजे एम13च्या अकरा-बारा पट. अंतर दहापट झालं की तारा शंभरपट मंद होतो, म्हणजे पाच प्रती. म्हणून तिथले सर्वांत तेजस्वी तारेही सतराव्या प्रतीच्या पलीकडे जातात. हौशी निरीक्षकांच्या नेहमीच्या कुठल्याच दुर्बिणीतून नुसत्या डोळ्याने ते सुटे दिसणार नाहीत.

तेव्हा दूरच्या तारकागुच्छात काय पाहायचं? केंद्र कडांपेक्षा किती उजळ आहे, उजळपणा मधे हळूहळू वाढतो की एकदम, कडा कुठे संपते, आकार गोल आहे की किंचित लांबट, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की रवाळ. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. तारे सुटे होण्याच्या उंबरठ्यावर असले की तारकागुच्छ रवाळ दिसू लागतो आणि तिरक्या नजरेला क्षणभर एखादा कण चमकून जातो.

रात्र, जागा आणि दुर्बीण

अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. शहराच्या उजेडापासून दूर जाणं हा दुर्बिणीवरच्या कुठल्याही खर्चापेक्षा मोठा फायदा आहे. काळ्या आकाशाखालची सहा इंची दुर्बीण शहरातल्या बारा इंचीला मंद, पसरलेल्या वस्तूंच्या बाबतीत सहज मागे टाकते.

हवा स्थिर असण्यापेक्षा स्वच्छ असणं इथे जास्त मोलाचं. पाऊस पडून गेल्यावरची धुतलेली हवा उत्तम. ग्रह पाहायला चांगली असलेली धुरकट, स्थिर रात्र मंद तारकागुच्छांना निरुपयोगी ठरते. वस्तू आकाशात जितकी उंच तितकी चांगली. क्षितिजापासून 30 अंशांवर तिचा प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, आणि त्याखाली परिस्थिती झपाट्याने बिघडते. म्हणून वस्तू याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवर यायच्या वेळी तिच्याकडे वळा.

परावर्तक दुर्बीण असेल तर आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्या. आरसे जुळलेले आहेत का तेही तपासा. आरसे नीट जुळलेले नसले की लहान, घट्ट तारकागुच्छ आणि तारा यांच्यातला फरकच पुसला जातो. नेब्युलांसाठी, म्हणजे वायूच्या ढगांसाठी, मिळणारे यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर इथे कामाचे नाहीत. ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश तेवढा सोडतात. तारकागुच्छाचा प्रकाश हा ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे फिल्टर आकाशाबरोबर त्यालाही कापतो.

आणखी एक साधी गोष्ट: बसून पाहा. वाकून, मान वळवून पाहणाऱ्याचा डोळा थरथरतो आणि दोन मिनिटांत लक्ष उडतं. उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल ही या छंदातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे.

नकाशा आधीच तयार ठेवा

मंद तारकागुच्छ शोधायचा म्हणजे ‘या भागात कुठेतरी’ असं चालत नाही. त्याची जागा एक-दोन आर्कमिनिटांपर्यंत माहीत हवी. स्टेलॅरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून दोन नकाशे काढा. पहिला फाइंडरसाठी, म्हणजे मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीसाठी, पाच-सहा अंशांचा, आठव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांचा. दुसरा आयपीससाठी, म्हणजे आपण डोळा लावतो त्या भिंगासाठी, अर्ध्या अंशाचा, तेराव्या-चौदाव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांचा. दुसऱ्या नकाशावर तारकागुच्छाभोवतीच्या तीन-चार ताऱ्यांचा एखादा आकार, त्रिकोण किंवा वाकडी रेषा, मनात पक्की करा. आयपीसमध्ये आधी ती आकृती शोधायची, आणि मग तिच्या संदर्भाने तारकागुच्छ जिथे असायला हवा तिथे लक्ष द्यायचं.

तुमच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं की आरशातल्यासारखं, हे पक्कं माहीत करून घ्या आणि नकाशा तसाच छापा. कागदावरचा नकाशा मंद लाल दिव्यात वाचावा. मोबाइलचा पडदा लाल केला तरी तो बहुधा जास्तच उजळ असतो.

डोळ्याची तयारी

दुर्बिणीतला अर्धा भाग तुमचा डोळा आहे, असं मी मानतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना पूर्ण सरावायला निदान अर्धा तास अंधार लागतो, आणि एका क्षणाच्या पांढऱ्या उजेडाने ती मेहनत वाया जाते. आयपीसजवळच्या बाजूच्या उजेडासाठी डोक्यावर काळं कापड घ्या. वेडगळ दिसतं, पण फरक मोठा पडतो.

डोळ्याच्या मधोमध, जिथे आपण थेट पाहतो, तिथे दंडपेशी नसतात. म्हणून मंद वस्तूकडे रोखून पाहिलं की ती गायब होते आणि नजर किंचित बाजूला नेली की उमटते. हीच तिरकी नजर. पण कुठल्या बाजूला न्यायची, हे फारसं कुणी सांगत नाही. प्रत्येक डोळ्यात कानाच्या बाजूच्या दृश्यात एक आंधळा बिंदू असतो. वस्तू त्यात पडली तर ती दिसणारच नाही. म्हणून वस्तू नाकाच्या बाजूला राहील अशी नजर ठेवा: उजव्या डोळ्याने पाहत असाल तर वस्तूच्या उजवीकडे पाहा, डाव्या डोळ्याने पाहत असाल तर डावीकडे. थोडं वरच्या बाजूला पाहणंही चालतं.

डोळा हालचाल चटकन पकडतो. त्यामुळे काहीच दिसत नसेल तर दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकीशी टिचकी मारा. दृश्य डुलतं तेव्हा ताऱ्यासारखा टोकदार नसलेला एक फिकट डागही ताऱ्यांबरोबर डुलताना दिसतो. मी कुठल्याही मंद तारकागुच्छासाठी निदान पंधरा मिनिटं ठेवतो. पहिल्या मिनिटाला न दिसलेला तपशील दहाव्या मिनिटाला दिसतो, कारण डोळा आणि मेंदू दोघेही त्या जागेला सरावतात.

वर्धन किती?

बरेच जण मंद वस्तूसाठी सर्वांत कमी वर्धन वापरतात, आणि दूरच्या तारकागुच्छांच्या बाबतीत ते चुकतं. वर्धन वाढवलं की आकाशाची पार्श्वभूमी काळी होते. तारकागुच्छही तितकाच फिका होतो हे खरं, पण तो मोठा होतो, आणि मोठा फिका डाग डोळ्याला लहान फिक्या डागापेक्षा लवकर कळतो. शिवाय तारे बिंदूच राहतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर जास्त मंद तारे उमटतात.

हिशेब एक्झिट प्युपिलने करावा. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही रुंदी. आयपीसचं नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा एफ आकडा, म्हणजे ती मिळते. 200 मिमी व्यासाची, 1200 मिमी नाभीय अंतराची दुर्बीण म्हणजे एफ/6. तिला 25 मिमीचा आयपीस लावला तर 48 पट वर्धन आणि सव्वाचार मिमीचा झोत मिळतो, हा शोधण्यासाठी. 12 मिमीला 100 पट आणि 2 मिमी; हा माझ्या मते बहुतेक मंद तारकागुच्छांसाठी सुरुवातीचा योग्य आयपीस. 8 मिमीला 150 पट. दूरचे घट्ट तारकागुच्छ इथे खुलतात. विरळ तारकागुच्छांसाठी मात्र 48 ते 100 पट या दरम्यानच राहा. फार मोठं केलं तर तारकागुच्छ सगळं दृश्यक्षेत्र व्यापतो आणि तुलना करायला काळं आकाशच उरत नाही.

आता प्रत्यक्ष क्रमाने

खालचा क्रम साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे जातो. प्रत्येकासोबत दिलेले महिने तो रात्री नऊच्या सुमारास आकाशात सर्वांत वर असतो तेव्हाचे आहेत.

एनजीसी 6229, शौरी, जुलै. 42 आणि 52 हर्क्युलिस या पाचव्या प्रतीच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधे, किंचित पूर्वेला. सुमारे एक लाख प्रकाशवर्षांवर असूनही हा उदार आहे. आठव्या प्रतीच्या दोन ताऱ्यांबरोबर तो सुंदर त्रिकोण करतो, आणि त्रिकोणाचा एक कोपरा तेवढा धूसर दिसतो. विल्यम हर्शेलने 1787 मध्ये तो शोधला आणि ग्रहीय नेब्युलांच्या (मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या वायूच्या कवचांच्या) वर्गात टाकला. 100 पटीला पाहिलं की त्याला तसं का वाटलं असेल ते लगेच पटतं. त्याच रात्री आधी एम13 पाहा आणि मग इकडे या. चौपट अंतर तारकागुच्छाचं काय करतं, याचा याहून चांगला धडा नाही.

एम54, धनू, ऑगस्ट. झीटा सॅजिटेरी ताऱ्याच्या पश्चिम-नैर्ऋत्येला पावणेदोन अंशांवर. साडेसातव्या प्रतीचा, म्हणजे या यादीतला सर्वांत तेजस्वी, पण त्याला पाहण्यात वेगळाच आनंद आहे. मेसिएने 1778 मध्ये नोंदवलेला हा तारकागुच्छ आपल्या आकाशगंगेचा मूळचा रहिवासी नाही. 1994 मध्ये सॅजिटेरियस बटू दीर्घिका सापडली आणि एम54 तिच्या गाभ्याशी असल्याचं लक्षात आलं. अंतर सुमारे 87 हजार प्रकाशवर्षं. लहान, गोल, केंद्राशी एकदम उजळ, आणि तारे सुटे व्हायला अजिबात राजी नाही. शेजारच्या एम22शी ताडून पाहा.

एनजीसी 7006, धनिष्ठा, सप्टेंबर. सुमारे 1 लाख 30 हजार प्रकाशवर्षं, प्रत साडेदहा, शॅप्ली-सॉयर वर्ग पहिला. हा शोधायची एक युक्ती मला अतिशय आवडते. तो गॅमा डेल्फिनीच्या जवळजवळ बरोबर पूर्वेला साडेतीन अंशांवर आहे, आणि दोघांची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, जवळपास सारखीच आहे. म्हणून मोटार नसलेल्या दुर्बिणीत कमी वर्धनाने गॅमा डेल्फिनी मधोमध आणा, दुर्बिणीला हात न लावता 15 मिनिटं थांबा. पृथ्वीच्या फिरण्याने एनजीसी 7006 आपसूक दृश्यक्षेत्रात येतो. गॅमा डेल्फिनी हा स्वतः देखणा जोडतारा आहे, तोही पाहून होतो, आणि त्या 15 मिनिटांत डोळे आणखी सरावतात. कमी वर्धनात एनजीसी 7006 जरासा जाडसर ताराच वाटेल. 150 पटीला जा: शेजारचे तारे टोकदार राहतात, हा पसरतो.

एनजीसी 5466, भूतप, जून. इथून विरळ तारकागुच्छ सुरू होतात. तीच युक्ती इथेही चालते: एम3 मधोमध ठेवा आणि 23 मिनिटांनी परत या. एनजीसी 5466 दृश्यक्षेत्राच्या मध्यापासून सुमारे 9 आर्कमिनिटं उत्तरेला असेल. प्रत नववी, वर्ग बारावा. ठळक कडा नाही, उजळ केंद्र नाही, नुसती आकाशाची पोत थोडी बदललेली दिसते. आठ-दहा इंची दुर्बिणीत तिरक्या नजरेला काही तारे कण म्हणून चमकतात. धुरकट रात्री हा दिसला नाही तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

एनजीसी 5053, अरुंधती केश, मे. अल्फा कोमीपासून ईशान्येला एका अंशावर एम53, आणि एम53 पासून आग्नेयेकडे आणखी एका अंशावर हा. दोघेही 57-58 हजार प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे आकाशात शेजारी आणि खरोखरही फार दूर नसलेले. एक भरगच्च, दुसरा भुतासारखा. दृश्यक्षेत्र पुरेसं मोठं असेल तर दोघांना एकत्र बसवा. विरळपणा म्हणजे काय, हे शब्दांनी सांगावं लागत नाही.

एनजीसी 2419, गवय, फेब्रुवारी-मार्च. मिथुनेतल्या कॅस्टरपासून सरळ उत्तरेला सात अंश. 1788 मध्ये हर्शेलला सापडलेल्या या तारकागुच्छाला ‘इंटरगॅलॅक्टिक वाँडरर’ असं टोपणनाव आहे, कारण तो आकाशगंगेपासून सुटलेला आहे असा एकेकाळी समज होता. प्रत्यक्षात तो आकाशगंगेच्याच गुरुत्वाने बांधलेला आहे, पण मोठ्या मॅजेलॅनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेपेक्षाही दूर आहे. ओळखायची खूण पक्की: पश्चिमेला सातव्या-आठव्या प्रतीचे दोन तारे, आणि त्यांच्या ओळीत पूर्वेच्या टोकाला तारकागुच्छ. सहा इंचीत फिकट डाग, आठ इंचीत स्पष्ट गोल धुकं, मध्याकडे किंचित उजळ. ते दोन उजळ तारे दृश्यक्षेत्राबाहेर ढकलून पाहा, डाग लगेच ठळक होतो.

एनजीसी 5694, वासुकी, जून. अंतर सुमारे 1 लाख 15 हजार प्रकाशवर्षं. हर्शेलने 1784 मध्ये पाहिला, पण हा गोलाकार तारकागुच्छ आहे हे लॅम्पलँड आणि टॉमबॉ यांनी 1932 मध्ये ओळखलं. लहान, घट्ट, शेपूट नसलेल्या धूमकेतूसारखा. दक्षिणेकडे असल्याने उत्तरेकडच्या निरीक्षकांनी तो सर्वांत वर असतानाच गाठावा.

पॅलोमार 5, भुजंग, जून-जुलै. पॅलोमार वेधशाळेने 1950 च्या दशकात केलेल्या आकाश सर्वेक्षणाच्या छायाचित्र-पट्ट्यांवर जे मंद तारकागुच्छ आढळले, त्यांतला हा. एम5च्या दक्षिण-नैर्ऋत्येला सव्वादोन अंश. प्रत पावणेबारा, पण तो प्रकाश इतका पसरलेला, की बारा इंचीहून लहान दुर्बिणीत आणि अर्धवट काळ्या आकाशाखाली याच्यामागे लागू नये. आकाशगंगेचं गुरुत्व या तारकागुच्छाला ओढून विस्कटतं आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या ताऱ्यांच्या शेपट्या 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसल्या. दुर्बिणीत त्या दिसत नाहीत. दिसला तर एक अगदी पुसट उजाळा दिसतो.

दिसलं की भास झाला?

काय दिसणार हे माहीत असलं की डोळा ते रचून दाखवतो. त्यामुळे खात्री करून घ्यायची सवय पहिल्या रात्रीपासून लावा. दुर्बीण बाजूला सरकवा, परत आणा. डाग त्याच ताऱ्यांच्या संदर्भात त्याच जागी पुन्हा दिसला पाहिजे. एकदा दिसून जाणं पुरेसं नाही, निदान तीन-चार वेळा दिसावा. आयपीस बदलल्यावरही दिसावा. सोबत कुणी असेल तर जागा न सांगता विचारा, ‘तुम्हाला काही दिसतंय का, आणि कुठे?’

कागदावर वर्तुळ काढून तारे आणि डाग टिपा. चित्र सुबक असण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्राशी पडताळा, रात्री मात्र छायाचित्र पाहू नका. सोबत तारीख, वेळ, आयपीस, आकाशाची स्थिती आणि सर्वांत मंद कुठला तारा दिसला ते लिहा. ‘दिसला नाही’ हीही नोंद तितक्याच काळजीने करा, कारण पुढच्या वेळी आकाश बदललं की पद्धत, याची तुलना तिच्यावरूनच करता येते.

आपल्या आकाशगंगेपलीकडे

वरची यादी पचली, की दहा इंची दुर्बीण असलेल्यांनी नोव्हेंबरमध्ये देवयानी दीर्घिकेचा जी1 शोधावा. मेयॉल आणि एगन यांनी 1953 मध्ये शोधलेला हा तारकागुच्छ देवयानीच्या केंद्रापासून नैर्ऋत्येला अडीच अंशांवर आहे आणि सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे. प्रत पावणेचौदाच्या आसपास. त्याला बिलगून आपल्याच आकाशगंगेतले दोन मंद तारे आहेत आणि तिघांचा लहानसा त्रिकोण होतो. 200 पट किंवा त्याहून जास्त वर्धन वापरा. तिघांतला जो कधीच टोकदार होत नाही, तो जी1.

आकाश दक्षिणेकडे मोकळं असेल तर डिसेंबरमध्ये अश्मंत तारकासमूहातला एनजीसी 1049 पाहा. जॉन हर्शेलने 1835 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून तो टिपला. तो ज्या बटू दीर्घिकेत आहे, ती शॅप्लीला त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, 1938 मध्ये, सापडली. दीर्घिका इतकी पसरट आहे, की साडेचार लाखांहून अधिक प्रकाशवर्षांवरचा हा तारकागुच्छ साडेबाराव्या प्रतीच्या आसपास असूनही तिच्या आधी दिसतो. हा सापडला, तर त्याच दीर्घिकेतले फॉर्नॅक्स 2, 4 आणि 5 हे साडेतेराव्या प्रतीच्या आसपासचे तारकागुच्छही नकाशावर आधीच खुणा करून ठेवा. ते जवळजवळ ताऱ्यांसारखे दिसतात, त्यामुळे आजूबाजूच्या प्रत्येक मंद ताऱ्याची ओळख पटवूनच त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं.